मोबाइल टॉवरच्या कुंपणाच्या आत

मोबाइलचा टॉवर म्हटला की नजर वर जाते. मला मात्र पायथ्याचे कुंपण अधिक महत्त्वाचे वाटते, कारण साइट चालू राहणार की बंद पडणार हे तिथेच ठरते. महावितरणकडून आलेली वीज रेक्टिफायरमधून उणे 48 व्होल्टच्या डीसी पुरवठ्यात बदलते, त्याच पुरवठ्याला बॅटऱ्या जोडलेल्या असतात आणि म्हणून वीज गेली तरी उपकरणे क्षणभरही थांबत नाहीत. खंड लांबला, तर डिझेल जनरेटर सुरू होतो.

वर साधारणपणे तीन दिशांना, प्रत्येकी 120 अंशांच्या क्षेत्रासाठी, उभट पॅनेल अँटेना असतात. निरखून पाहिल्यास त्यांतल्या बऱ्याच किंचित खाली झुकलेल्या दिसतात, म्हणजे शेजारच्या साइटच्या हद्दीत अडथळा होत नाही. पूर्वी रेडिओ, म्हणजे लहरी पाठवणारे आणि घेणारे उपकरण, खालच्या खोलीत असे आणि जाड कोॲक्सियल केबलमधून वर जाईपर्यंत बरीच शक्ती वाया जाई. आता रेडिओ युनिट अँटेनाच्या मागेच बसवून खालच्या, संदेशांवर प्रक्रिया करणाऱ्या बेसबँड युनिटपासून तिथवर ऑप्टिकल फायबर नेतात, आणि हा बदल मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. गोल डिश दुसऱ्या साइटशी जोडणाऱ्या मायक्रोवेव्ह दुव्यासाठी असते.

टोकावरच्या तडितरक्षकापासून जमिनीतल्या अर्थिंगपर्यंतची पट्टी मात्र अखंडच हवी. पावसाळ्यापूर्वी तिचे गंजलेले बोल्ट बदललेच पाहिजेत.