मलप्रभेचे दोन तास

गेल्या वर्षी जुलैमध्ये सहावी-सातवीच्या एकत्र वर्गात मी मलप्रभा नदीवर तास घेतला. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात त्या दिवसांत वीज असणे हीच मुळात बातमी असते. त्यामुळे त्या दिवशी ती आहे असे दिसताच मी घाईने प्रोजेक्टर लावला आणि आदल्या रविवारी बाजाराला गेले असताना उतरवून आणलेली आठ मिनिटांची चित्रफीत सुरू केली. आकाशातून टिपलेली हिरवी दरी, धुके, पुढे धरणाचे पांढरे पाणी, पाठीमागे मंद बासरी आणि खाली इंग्रजीतल्या माहितीच्या ओळी, असे तिचे स्वरूप होते. मुले चिडीचूप बसली होती आणि तास रंगला, असे मी मनात लिहूनही टाकले. तास संपल्यावर पहिल्या बाकावरची मुलगी, जिला जन्मापासून अगदी अंधूक दिसते, जवळ येऊन म्हणाली, "बाई, आज नुस्ती बासरीच हुती काय?"

तिच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच तो प्रश्न जास्त लागला. नंतर वर्गाकडे नीट पाहिले तेव्हा लक्षात आले, की इंग्रजीच्या ओळी इतक्या वेगाने वाचणारी मुले त्या खोलीत दोन-तीनच असावीत, ऐकू कमी येणाऱ्या मुलाने चित्रे पाहिली पण ती कुठली आणि कशाची हे त्याला कुणी सांगितले नव्हते, आणि ज्या शांततेला मी एकाग्रता समजले होते ती बरीचशी अंधाऱ्या खोलीची शांतता होती. साधन डिजिटल होते, पण तासाची आखणी मी केलीच नव्हती. चित्रफितीने तास घेतला आणि मी बटण दाबले, एवढेच.

प्रशिक्षणांतून 'सर्वांसाठी अध्ययन-रचना' हा शब्द आमच्या कानांवर वरचेवर पडतो. ही कल्पना मूळची वास्तुकलेतली आहे. अमेरिकेतील वास्तुविशारद रॉन मेस, जे स्वतः चाकाची खुर्ची वापरत, यांनी असा आग्रह धरला की इमारत बांधून झाल्यावर अपंगांसाठी वेगळी सोय जोडण्यापेक्षा ती पहिल्यापासूनच सर्वांना वापरता येईल अशी आखावी. पुढे 'कास्ट' या संस्थेने तोच विचार अभ्यासक्रमाला लावला आणि त्यातून तीन सूत्रे निघाली: मुलाला विषयात ओढ वाटण्याचे मार्ग एकाहून अधिक असावेत, माहिती समोर येण्याचे मार्ग एकाहून अधिक असावेत आणि शिकलेले दाखवण्याचे मार्गही एकाहून अधिक असावेत. मला हे सगळे आमच्या शाळेच्या पायऱ्यांशेजारच्या उतारावरून समजले. तो बांधला चाकाच्या खुर्चीसाठी, पण रोज त्यावरून अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, तांदळाची पोती आणि गॅसची टाकी वर चढते, आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशी आता पायऱ्यांकडे बघतसुद्धा नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या अपंगत्वांचा उल्लेख आहे, १९९५ च्या कायद्यात ते सातच होते. अल्पदृष्टी, श्रवणदोष आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता हे तिन्ही त्या यादीत आहेत आणि तिन्हींची मुले माझ्या एकाच खोलीत बसतात. कायद्याविषयी एवढे पुरे.

या वर्षी तोच धडा आला तेव्हा मी साधनापासून सुरुवात केली नाही. वहीच्या पानावर आधी एवढेच लिहिले, की या तासात कोण दाराबाहेर राहण्याची शक्यता आहे, आणि मग प्रत्येक नावासमोर काय करता येईल ते लिहीत गेले. धड्यातला गाभा एकच होता: आमच्या तालुक्यातच पाण्याची वाट फुटते. कणकुंबीजवळ उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वळते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते, सुमारे ३०० किलोमीटर वाहून कुडलसंगम येथे कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते. याच तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला उतरून गोव्यात मांडवी होते आणि अरबी समुद्राला मिळते. हे समजण्यासाठी आकाशातून टिपलेली दरी पाहावी लागते असे नाही. त्यासाठी डोंगराची धार समजावी लागते.

म्हणून स्वयंपाकघरातली मोठी परात मागून घेतली आणि परसातली चिकट माती आणून मुलांनी तिच्यात सह्याद्रीची धार उभी केली. मलप्रभेसाठी मऊ लोकरीचा धागा आणि म्हादईसाठी खरखरीत सुंभ घेतला, म्हणजे रंग न दिसणाऱ्यालाही बोटांनी फरक कळावा. धरणाच्या जागी गारगोटी ठेवली आणि संगमाच्या जागी कृष्णेच्या जाड दोरीला गाठ मारली. मग पहिल्या बाकावरच्या त्या मुलीने एक हात धारेवर ठेवला आणि दुसऱ्या हातातल्या तांब्याने अगदी बारीक धारेने पाणी सोडले. ते तिच्या बोटांच्या दोन्ही बाजूंनी घसरले तेव्हा ती ओरडलीच, "दोन्हीकडं जातंय, बाई!" जलविभाजक हा शब्द मी फळ्यावर त्यानंतर लिहिला. एरवी मी तो आधी लिहिते आणि मग अर्थ सांगत बसते.

चित्रफीत मी टाकून दिली नाही. तीच पुन्हा लावली, पण आवाज बंद करून, आणि सातवीतल्या दोन मुलांवर काम सोपवले की पडद्यावर जे दिसेल ते पाठ करून बसलेल्या भाषेत नव्हे, घरी सांगतो तसे सांगायचे. पहिल्या बाकावरून प्रश्न सुरू झाले: पाणी कुठल्या रंगाचे आहे, धरणाला दारे किती, बाजूला शेत आहे की जंगल? दारे मोजण्यासाठी चित्र तीनदा थांबवावे लागले. गेल्या वर्षी आठ मिनिटांत संपलेल्या चित्रफितीला या वेळी पंचवीस मिनिटे लागली आणि डोळस मुलांनीही ती खऱ्या अर्थाने याच वेळी पाहिली, कारण दुसऱ्याला सांगायचे असल्याशिवाय माणूस नीट बघत नाही. ऐकू कमी येणाऱ्या मुलासाठी उगम, धार, धरण, संगम अशी चित्रांसह कार्डे आदल्या दिवशीच करून दिली होती. बोलणे ऐकून पडद्यावर मराठीत उमटवणारे मोफत अॅपही फोनवर लावून पाहिले, परंतु पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असताना आणि नेटवर्क येऊन-जाऊन असताना त्याने माझ्या वाक्यांचे जे केले त्यावर मुले पोट धरून हसली. कोरड्या महिन्यांत ते बरे चालते.

शेवटी शिकलेले दाखवायचे तीन मार्ग ठेवले: लिहून, आकृती काढून किंवा फोनवर बोलून. वहीत दोन ओळींच्या पुढे कधीच न गेलेला एक मुलगा कोपऱ्यात जाऊन तीन मिनिटे बोलला, अर्धे कोकणी, अर्धे मराठी, आणि म्हादईचे पाणी पूर्वेला का जाऊ शकत नाही हे त्याने पुस्तकापेक्षा चांगले सांगितले. इथे माझे एक मत नोंदवते, जे प्रशिक्षणात फारसे कुणाला रुचत नाही: निवड रोज मोकळी ठेवली तर मूल रोज सोपा मार्गच धरते. म्हणून महिन्यातून दोनदा मी त्याला लिहायलाच लावते, पण त्या दिवशी विषय त्याच्या आवडीचा असतो आणि शुद्धलेखनाचे गुण वेगळे मोजले जातात.

सीमाभागात डिजिटल साधनांची आणखी एक अडचण आहे, जी बाहेरच्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. आमची पुस्तके मराठीत असली तरी ती कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाची असतात, आणि मराठीतल्या चांगल्या शैक्षणिक चित्रफिती बहुधा महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी त्यांच्या पुस्तकांसाठी केलेल्या असतात. गणितात हे चालून जाते. नागरिकशास्त्रात मात्र मूल पंचायत समिती, सरपंच आणि ग्रामसेवक शिकून येते, जेव्हा त्याच्या गावात तालुका पंचायत, अध्यक्ष आणि पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) असतात. विधानसभेचे सदस्य २८८ लिहिते, जेव्हा बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये हिवाळी अधिवेशनाला बसणारी विधानसभा २२४ सदस्यांची आहे. भाषा आपली आणि माहिती शेजारच्या घरची, असा तो प्रकार. आता अशी चित्रफीत मी मधे थांबवते आणि 'आपल्याकडे याला काय म्हणतात?' हे मुलांकडूनच वदवून घेते. चूक शोधायला त्यांना फार आवडते.

वाचनासाठी मला सर्वांत उपयोगी पडले ते प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर हे गोष्टींचे संकेतस्थळ, जे २०१५ मध्ये सुरू झाले. तिथल्या गोष्टी खुल्या परवान्याच्या असल्याने त्या छापायला, मोठ्या अक्षरांत मांडायला, भाषांतर करायलाही मुभा आहे. आमच्या मुलांना देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या एकाच वेळी पेलाव्या लागतात. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ यांची स्वतंत्र अक्षरे आहेत, जी मराठीत नाहीत, आणि जोडाक्षरातला दुसरा वर्ण खाली लटकतो. अक्षरओळख मुळातच डळमळीत असलेल्या मुलाची यात त्रेधा उडते. अशा मुलाला एकच गोष्ट आधी मराठीत ऐकवली, मग मराठीत वाचायला दिली आणि नंतर तीच कन्नडमध्ये समोर ठेवली, तर निदान अर्थ शोधण्याचे ओझे उतरते आणि सगळी शक्ती अक्षरांवर लावता येते.

गृहपाठाचे म्हणाल, तर व्हॉट्सअॅपच्या गटावर मी लिहिणे जवळजवळ सोडले आहे. घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर दिवसभर बाहेर असतो, संध्याकाळी तो आईच्या हातात येतो आणि अनेक आयांना वाचता येत नाही. मिनिटभराचा आवाजी निरोप त्या भाकरी थापताना ऐकतात आणि उलट आवाजातच विचारतात, "बाई, ते दोरीचं काय सांगितलासा?"

आणि एक चूक, जी निव्वळ माझी आहे. गेल्या दहा वर्षांत केलेल्या माझ्या प्रश्नपत्रिका आणि टिपणे जुन्या, बिगर-युनिकोड फाँटमध्ये आहेत. त्या पडद्यावर मराठी दिसतात, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे. त्यामुळे पडदा वाचून दाखवणारे एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर त्यांवर चालवले तेव्हा एकही मराठी शब्द न उमटता नुसती इंग्रजी मुळाक्षरांची बरसात झाली आणि ती मुलगी खुदकन हसली. स्कॅन केलेल्या पानांचीही तीच गत, कारण यंत्राच्या लेखी ते नुसते चित्र असते. एक पान युनिकोडमध्ये पुन्हा टंकायला मला साधारण वीस मिनिटे लागतात. सातवीची सहामाहीची भूगोलाची प्रश्नपत्रिका काल रात्री पूर्ण झाली, विज्ञानाची अजून अर्धी आहे, आणि परीक्षा सोमवारी आहे.