खडकीची निवड समिती

उन्हाळ्याच्या दुपारी अडीच-तीनला सलूनमध्ये जावं, गर्दी नसते. खडकी बाजारातल्या त्या सलूनमध्ये परवा एकच गिऱ्हाईक होतं. साठीपलीकडचे गृहस्थ, अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस. भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज बंद. मी पेपर उघडला तोच ते गृहस्थ आरशात बघत म्हणाले, "अठ्ठ्याण्णवला त्याला बसवला नसता ना, तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं."

वस्तरा हवेत थांबला. "शंभर टक्के," कारागीर म्हणाला.

कोणाला बसवलं, कोणी बसवलं, हे कोणी विचारलं नाही. खडकीत विचारायचं नसतं.

बाहेरगावच्यांसाठी एवढंच सांगतो. १९९८च्या डिसेंबरात बँकॉकला हॉकीत एशियन गेम्सचं सुवर्ण आलं, तेही १९६६ नंतर पहिल्यांदा. फायनलला कोरिया, पेनल्टी स्ट्रोक्स, आशिष बल्लाळ गोलात भिंतीसारखा उभा आणि कप्तान आपला धनराज पिल्ले, इथल्या क्वार्टर्समध्ये मोडक्या स्टिका जोडून खेळलेला. पुढच्या दौऱ्याचा संघ जाहीर झाला तेव्हा धनराज नाही, बल्लाळ नाही, आणखीही काही जुने खेळाडू नाहीत. प्रशिक्षक कौशिकनाही काढलं. अधिकृत कारण, विश्रांती. सुवर्ण जिंकून आलेल्या माणसाला विश्रांतीची गरज असते हे हॉकी फेडरेशनला त्या वर्षी सुचलं. त्याआधी धनराज भत्त्यांबद्दल उघड बोलला होता, हा निव्वळ योगायोग.

इतक्या वर्षांनंतरही हा विषय अर्ध्या दाढीवर निघतो, आणि दाढी तशीच राहते.

मला रेंजहिल्सचं मामाचं घर आठवलं. मामा अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत. संध्याकाळी शिफ्ट सुटली की क्वार्टर्ससमोरच्या सिमेंटच्या बाकावर बैठक बसायची. शेजारचे अण्णा तमिळ, पलीकडचे चाचा दखनी बोलणारे, एक नाना होते ते फक्त मान हलवायचे. मराठी, तमिळ आणि हिंदी अशी सरमिसळ भाषा, आणि तिच्यात हाफ, फुलबॅक, इनसाइड-लेफ्ट हे मैदानावरच्या जागांचे शब्द असे बसलेले की ते इंग्रजी आहेत हे मला शाळेत गेल्यावर कळलं. "अरे बाबा, उसको लेफ्टमें कायको खेळवतंय," असं वाक्य कोणालाही खटकायचं नाही.

गंमत अशी की या मंडळींनी मॅच क्वचितच पाहिलेली असायची. क्रिकेट दिवसदिवस दाखवायचे, हॉकी बातम्यांच्या शेवटी, तीही हरल्याची. रेडिओवर हिंदी कॉमेंट्री लागली तर लागली. लग्नाला न गेलेल्या माणसानं जेवणाला नावं ठेवावीत तशी बाकावरची चर्चा चाले, आणि जेवण खरंच वाईट असायचं. सकाळी पेपरच्या शेवटच्या पानावर चार ओळी येत, त्या चार ओळींवर संध्याकाळचे दोन तास निघत. माझ्या पिढीच्या खडकीकरानं हॉकी पाहिली त्याच्या कितीतरी पट ती भांडून काढली आहे. किंबहुना भांडण हीच आमची मॅच होती.

भांडणात नेहमीचे खेळाडू ठरलेले. मामा म्हणजे अ‍ॅस्ट्रोटर्फ, ते कृत्रिम गवताचं मैदान. १९७५ला क्वालालंपूरला पाकिस्तानला २-१ हरवून वर्ल्ड कप आणला, आणि पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियलला टर्फ घातलं तर आपण सातवे. यावर मामाला आणखी पुराव्याची गरज नव्हती. गोऱ्यांनी मुद्दाम केलं. अण्णांचं म्हणणं वेगळं. टर्फ पाकिस्तानलाही होतं, ते कसे जिंकले? चूक व्यवस्थापनाची. संघ निवडायचा सिनियर-ज्युनिअर बघून, प्रांत बघून, कोणाच्या कोण जवळचा ते बघून, आणि हरला की प्रशिक्षक बदलायचा. चाचांचा एकच मुद्दा होता, १९८२. दिल्लीत पाकिस्ताननं सात-एक हाणले आणि सगळं पाप गोलकीपर मीर रंजन नेगीच्या माथी मारलं. चाचा म्हणायचे, बाकीचे दहा जण काय पंगतीत वाढत होते? विषय कुठलाही असो, चाचा सात-एकवर यायचेच. आणि नाना मान हलवायचे.

मामाचं खरं व्यसन म्हणजे संघ लिहिणं. कालनिर्णयचं उलटलेलं पान, पाठीमागं पेन्सिलनं सोळा नावं. पाच फॉरवर्ड, तीन हाफ, दोन बॅक. जग केव्हाच दुसऱ्या पद्धतीनं खेळू लागलं होतं, मामाच्या कागदावर मात्र पाच फॉरवर्ड शेवटपर्यंत टिकले. ही खोड माझ्यात उतरली. आजही सोसायटीच्या मीटिंगला बसलो की मी मनातल्या मनात जागा वाटून टाकतो. खजिनदार फुलबॅक, काहीही बाहेर जाऊ देत नाहीत. सेक्रेटरी सेंटर-हाफ, चेंडू सतत त्यांच्याकडेच. तिसऱ्या मजल्यावरचे साठे विंगवर, कारण ते दाराजवळ बसतात आणि कधीही निसटतात. चेअरमनना मी बेंचवर ठेवतो. विश्रांती.

सिडनी मला चांगलं आठवतं. २०००ची ऑलिंपिक, पोलंडशी मॅच, जिंकलो की सेमीफायनल. एक-शून्यनं पुढे. बाकावरची मंडळी त्या दिवशी चक्क टीव्हीसमोर, मामाच्या बाहेरच्या खोलीत, मामीनं पोह्यांच्या बशा हातात दिलेल्या. आणि शेवटच्या काही क्षणांत पोलंडनं गोल केला. एक-एक. संपलं. चाचांच्या हातातला चमचा बशी आणि तोंड यांच्यामध्ये कुठेतरी राहिला होता, आणि एक पोहा त्यांच्या दाढीला चिकटला होता. तो काढा असं सांगायची कोणाची छाती झाली नाही. टीव्हीवर धनराज रडत होता. मग अण्णा म्हणाले, "लास्टला मॅन सोडला." झालं, तिथून सुरुवात. मॅन कोणी सोडला, मुळात कोणाला खेळवायला हवं होतं, प्रशिक्षक भास्करननं बदली कधी करायला हवी होती. पोहे गार झाले.

याच वादात मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "या पोरांना पगार किती मिळतो हो?"

चौघंही तिच्याकडं बघत राहिले. मामा म्हणाला, "नोकऱ्या असतात गं त्यांना. रेल्वे, एअर इंडिया, पोलिस."

"ते नोकरीचे. खेळायचे किती?"

मामानं "तुला नाही कळायचं" असा चेहरा केला आणि वाद पुन्हा लेफ्ट-हाफवर गेला.

अथेन्सच्या वेळी मी कॉलेज संपवून नोकरीला लागलो होतो. तोंडावर आलेल्या ऑलिंपिकच्या आधी प्रशिक्षक राजिंदर सिंगना काढून जर्मनीहून गेरहार्ड राख आणले. काही आठवड्यांत माणसाला संघातल्या पोरांची नावं पाठ होतात, पाय कळत नाहीत. आपण सातवे. धनराजची ती चौथी ऑलिंपिक, आणि बराच वेळ बेंचवर. मामा फोनवर इतकंच म्हणाला, "त्याला नेला कशाला मग, फोटोला?" फेडरेशनवर तेव्हा के. पी. एस. गिल होते, १९९४ पासून. खलिस्तानच्या काळात पंजाबात दहशत मोडून काढणारा पोलीस अधिकारी. अण्णा म्हणायचे, अतिरेकी संपवले, आता फॉरवर्ड लाइन संपवतोय.

मग मार्च २००८. चिलीतलं सँटियागो, ब्रिटननं २-० हरवलं आणि १९२८ पासून पहिल्यांदाच ऑलिंपिकला आपला हॉकी संघ नाही. प्रशिक्षक आपल्या मुंबईचे जोकिम कार्व्हालो, त्यांनी राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात संघात जागा मिळवून देण्यासाठी पैसे घेतल्याच्या आरोपाचं स्टिंग ऑपरेशन टीव्हीवर आलं, आणि ऑलिंपिक असोसिएशननं अख्खं फेडरेशनच निलंबित केलं. बाकावर त्या दिवशी म्हणे आनंद साजरा झाला. ऑलिंपिक गेल्याचं दुःख होतंच, पण अण्णा इतकी वर्षं जे बोलत होते ते खरं निघालं होतं, आणि अशा वेळी माणसाचं दुःख जरा कमी पडतं.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला मुंबईच्या व्हिरेन रस्किन्हानं हॉकी सोडली. सत्ताविसावं वर्ष, हाफच्या जागेवर भरवशाचा माणूस, आणि निघाला एमबीए करायला. मामा चिडला. मामी म्हणाली, "शहाणा आहे पोरगा."

मामीचा प्रश्न दहा वर्षांनी बालेवाडीला पोचला. जानेवारी २०१०, दिल्लीच्या वर्ल्ड कपला जेमतेम दीड महिना, संघाचं शिबिर पुण्यात. आणि खेळाडूंनी स्टिका खाली ठेवल्या. थकलेले पैसे द्या, मगच सराव. फेडरेशनच्या जागी आलेल्या हॉकी इंडियानं माणशी पंचवीस हजार देऊ केले, पोरांनी नाकारले. देशासाठी खेळायचे आणि पैसे कसले मागता, असंही बोललं गेलं. बोलणाऱ्यांचे पगार महिन्याच्या महिन्याला होत असावेत.

मी त्या आठवड्यात बालेवाडीला गेलो होतो, ऑफिसच्या कामानं तिकडं असल्याचं निमित्त करून. फाटकाशी चॅनेलवाल्यांच्या गाड्या होत्या. आत जाता आलं नाही. चहाच्या टपरीवर ट्रॅकसूट घातलेली दोन पोरं उभी होती. ती संघातली होती की इतर कुठल्या खेळाची, देव जाणे. एकानं चहाचे पैसे द्यायला पाकीट काढलं, दुसऱ्यानं त्याचा हात धरला, मग बराच वेळ दोघांची ओढाताण झाली, आणि शेवटी निम्मे-निम्मे दिले. आपण तीस वर्षं लेफ्ट-हाफ कोण, फुलबॅक कोण, पंजाबचे किती आणि बाकीचे किती, प्रशिक्षक जर्मन बरा की स्पॅनिश बरा, यावर घसा कोरडा केला. संघाची शिस्त, संघाची संस्कृती वगैरे शब्द वापरले. त्या पोरांची खोली कशी आहे, दिवसाला हातात काय पडतं, हे विचारलं एका बाईनं, आणि तिला आम्ही आत पाठवलं.

त्या वर्ल्ड कपात पहिल्याच मॅचला पाकिस्तानला ४-१ हरवलं आणि शेवटी आठवे आलो. लंडन ऑलिंपिकला २०१२ मध्ये बारापैकी बारावे. त्याखाली जागाच नव्हती. २०१५ला पॉल व्हॅन अस या डच प्रशिक्षकाला काही महिन्यांतच घरी पाठवलं. अण्णा तेव्हा नव्हते, नाहीतर महिनाभर पुरलं असतं.

आणि मग सगळं बिघडलं. म्हणजे सुधारलं. ओडिशा सरकारनं पैसे घातले, प्रशिक्षक ग्रॅहम रीडला दोन-अडीच वर्षं शांतपणे काम करू दिलं. टोकियोत ऑस्ट्रेलियानं सात-एक मारले तेव्हा मला चाचांचा फोन येईल असं वाटलं, आलाच, आवाजात तरुणपणीचा जोर. "मैंने बोला था!" काय बोलले होते ते त्यांनाही ठाऊक नसावं. पण पोरं सावरली, जर्मनीला ५-४ हरवून ब्राँझ घेऊन आली, एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिक पदक. गोलकीपर श्रीजेश गोलपोस्टवर चढून बसला. पॅरिसला पुन्हा ब्राँझ. मामाला आनंद झाला, नाही असं नाही. पेढे आणले. पण दुसऱ्या दिवशी दुपारी फोनवर म्हणाला, "बोलायला काही राहिलं नाही रे." मी म्हटलं, २०२३च्या वर्ल्ड कपात न्यूझीलंडशी हरलो त्यावर बोला. "ते होतंच," मामा म्हणाला. होतंच! लेफ्ट-हाफच्या एका पासवर आठवडा काढणारा माणूस.

पण जित्याची खोड. गेल्या महिन्यात गेलो तर समोर कालनिर्णयचं पान. "पॅरिसच्या संघात महाराष्ट्राचा एक पोरगा दाखव," मामानं आल्याआल्या टाकलं. दाखवता येत नाही, कारण नव्हताच. टोकियोतही नव्हता. रिओला मुंबईचा देविंदर वाल्मिकी होता. ज्या खडकीनं धनराज दिला, अथेन्सला विक्रम पिल्ले दिला, तिथल्या मैदानावर आता काय चालतं ते मी सांगायला नको.

तर मामानं नवा संघ काढला आहे. मुंबई-पुण्याचा, सर्वकालीन. गोलात लिओ पिंटो, १९४८च्या लंडनचा, बदली एड्रियन डिसोझा. हाफमध्ये कार्व्हालो, रस्किन्हा आणि सोमय्या. रस्किन्हाला माफी मिळालेली दिसते. पुढं मर्विन फर्नांडिस, धनराज, युवराज वाल्मिकी.

मी म्हटलं, "मामा, सोमय्या कूर्गचा."

"शाळा कुठली? नोकरी कुठं केली? मुंबईत."

"म्हणजे रहिवासाचा दाखला चालतो?"

"चालतो."

"मग झाशीचा तुषार खांडेकर? आडनाव मराठी आहे."

मामानं पेन्सिल कानामागं लावली आणि थोडा विचार केला. "त्याला कँपला बोलावू," म्हणाला. "निवडीचं मग बघू."

"हेच ते फेडरेशनवाले करायचे."

"मी त्यांच्यासारखा नाही. मी कारण देतो."

"काय कारण?"

"विश्रांती," मामा म्हणाला, आणि आत मामी इतक्या जोरात हसली की कुकरची शिट्टी ऐकू आली नाही.