संध्याकाळचा वर्ग

आज कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे कुठल्याही वयाच्या माणसाला शिकता येईल अशा स्थानिक सार्वजनिक कॉलेजात, हिशेबाच्या वर्गाला बसले. शेजारी सत्तरी ओलांडलेल्या आजी, पलीकडे नुकताच शाळेतून बाहेर पडलेला मुलगा, मागे कामावरून थेट आलेले काका. आजी टक्केवारीपाशी अडल्या. त्या पोरानं वही सरकवून एकेक पायरी बोटानं दाखवली. आजींनी गणित स्वतः पुन्हा केलं, उत्तर जुळलं तेव्हाच पेन खाली ठेवलं. काय आनंद होता चेहऱ्यावर!

१९०१ साली अमेरिकेत जोलिएटला असं पहिलं सार्वजनिक कॉलेज अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर सुरू झालं होतं. आज पदवीकडे निघालेला आणि फक्त एक कौशल्य हवं असलेला, दोघंही एकाच बाकावर बसतात. हे मला फार मोलाचं वाटतं. लहान मुलं असणाऱ्या आयांसाठी मात्र वर्गांच्या वेळा अजून सोयीच्या हव्यात, हे मी सांगत राहणार.

पुढच्या वर्गात चक्रवाढ व्याज आहे. आजींनी वही आत्ताच आखून ठेवली.