ढाल अपडेट ३ : पट्टे पुन्हा काढले

तर मी बनवत असलेली ढाल एकदाची खडखडीत वाळली. म्हशीचं कच्चं कातडं दोन दिवस भिजवून घमेल्यावर ताणून बांधलेलं ना, तीच. आकार झकास आलाय, १८ इंच भरते. समोर चार पितळी फुल्या (गोल उंचवटे) ठोकल्या, आतून हातात धरायचे पट्टे लावले, झालं म्हटलं. मग शिवजयंतीला मालवणला किनाऱ्यावर मर्दानी खेळ होते, कोल्हापूरकडचा आखाडा आलेला, तिकडे ढाल घेऊनच गेलो.

एक मुलगी दांडपट्टा (लांब लवचिक पात्याची तलवार) फिरवत होती, मी अगदी पुढे बसलेलो. दांडपट्ट्याच्या खोबळ्यात, म्हणजे हात झाकणाऱ्या धातूच्या मुठीत, हात कोपराच्या जवळपर्यंत जातो, मनगट वळतच नाही, त्यामुळे सगळा फेर खांद्यातून आणि पायातून घ्यावा लागतो, आणि वाळूत पाय रुतत असताना ती ते करत होती.

खेळ संपल्यावर वस्तादांना ढाल दाखवली. त्यांनी उलटी करून आत हात घातला आणि विचारलं, "मूठ कुठं टेकायची रं ह्यात?" माझे पट्टे इतके लांब की ढाल दप्तरासारखी हातात अडकायची. मग त्यांनी स्वतःची दिली. आत चार कड्या, कड्यांचे पाय कातड्यातून आरपार जाऊन बाहेर फुल्यांखाली दुमडलेले, म्हणजे फुल्या नुसत्या शोभेच्या नाहीतच, सगळी पकड त्यांच्यावर आहे! दोन्ही पट्टे एकाच मुठीत येतात आणि बोटांमागे चौकोनी गादी असते. मी घट्ट धरली, त्यांनी लाठीचा एक ठोका दिला, बोटांना काही नाही, दणका थेट खांद्यात. इतकी वर्षं म्युझियममध्ये काचेतून बघतोय, ढालीची मागची बाजू कधी दिसलीच नव्हती.

दुपारी होडीने सिंधुदुर्गावर गेलो. १६६४ ला पायाभरणी झालेला किल्ला, लहानपणापासून कितीदा बघितलाय, पण होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही हे यावेळी वेगळंच जाणवलं. आत वळणावर डाव्या मुठीत ढाल धरून उभा राहिलो. दोन बाजूंना बुरूज, वाट अरुंद, वरून मारा होणार, इथे आत घुसणाऱ्याला ढाल डोक्यावर धरावी की समोर? बराच वेळ तिथेच होतो, मागून पर्यटक सरका सरका म्हणेपर्यंत.

पट्टे काढलेत, आता फुल्या उपटून कड्या घालायच्यात. लोखंडी नको, खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजतील, पितळीच बघतोय. गादीत कापूस भरू की काथ्या? कोणी केलं असेल तर सांगा, आणि आतल्या बाजूचे फोटो असतील तर नक्की टाका.