सहार ते नवी मुंबई विमानतळ: नकाशावर तासभर, प्रत्यक्षात निम्मा दिवस

तिकिटावर दोन्हीकडे ‘मुंबई’च छापलेलं असतं आणि माणूस तिथेच फसतो. बुक करताना कोड बघा. बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझ. एनएमआय म्हणजे उलव्याचा नवा विमानतळ, जिथून 25 डिसेंबर 2025 ला उड्डाणं सुरू झाली. दोन्हींमध्ये सरळ रेषेत 25 किलोमीटरही नाहीत, पण रस्त्याने वाटेनुसार 35 ते 45 होतात. मध्यरात्री तासाभरात पोचता येतं. संध्याकाळी सहाला टी-2 (सहारचं टर्मिनल 2) सोडलंत तर दोन तास धरा, पावसात अडीच.

सगळा वेळ खातो तो सहार ते चेंबूर हा टप्पा. अॅप बऱ्याचदा साकीनाक्यावरून अंधेरी-कुर्ला रस्त्याला घालतं, कारण ते अंतर कमी दिसतं. अजिबात जाऊ नका. मेट्रोचे खांब, रिक्षा, बस आणि दर दोनशे मीटरला वळणारी गाडी, त्यात अर्धा तास सहज जातो. सहारच्या उन्नत मार्गाने पश्चिम द्रुतगती गाठा, वाकोल्याहून सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता धरा. तोही अमर महालला तुंबतोच, कारण तिथे पूर्व द्रुतगतीची गर्दी येऊन मिळते. पण निदान सरकत राहतो.

चेंबूरला निर्णय घ्यायचा. सरळ मानखुर्द-वाशी घेतलंत तर लहान गाड्यांना ऑक्टोबर 2024 पासून वाशीचा टोल नाही, मात्र पुढे उरण फाट्यानंतर जेएनपीटी बंदराचे कंटेनर ट्रेलर भेटतात. दुसरी वाट पांजरापोळहून फ्रीवे, शिवडी, अटल सेतू आणि शिवाजीनगरला उतरून उलवे. ही लांब पडते, आधी दक्षिणेला जाऊन मग खाडी ओलांडायची. तरी गर्दीच्या वेळी हीच घ्या. सेतूवर कारला ताशी 100 ची मुभा आहे, त्यामुळे वेळेचा अंदाज चुकत नाही. पूर्ण सेतूचा एकेरी टोल 250 रुपये. चालक परतीचाही मागतात, बसण्याआधी ठरवा. रिक्षा आणि दुचाकी सेतूवर चालत नाहीत.

भाड्याचं सांगायचं तर, फेब्रुवारी 2025 च्या दराने काळीपिवळी टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये, पुढे किलोमीटरला 20.66. म्हणजे 40 किलोमीटरला सव्वाआठशेच्या आसपास. मध्यरात्री ते पहाटे पाच पाव पट जास्त, कोंडीत थांबल्याचे आणि टोलचे वेगळे. दारात गाठून अडीच हजार सांगणाऱ्याच्या मागे जाऊ नका.

रेल्वेने जाता येतं, पण पाठीवर एकच सॅक असेल तर. टी-2 वरून मेट्रो-3 ने मरोळ नाका, तिथून मेट्रो-1 ने घाटकोपर, मग कुर्ला, हार्बरने बेलापूर, शेवटी उरण मार्गावर विमानतळाजवळचं तरघर. कुर्ला-बेलापूर चाळीसेक मिनिटांचं. उरणच्या गाड्या मोजक्या आहेत, वेळापत्रक बघूनच निघा. संध्याकाळी पनवेल लोकलमध्ये चाकांची बॅग चढवायचा विचारही नको. मुसळधार पावसात कुर्ला-चुनाभट्टीला रूळ पाण्याखाली गेले की हा पर्याय संपला.

दोन वेगळी तिकिटं असतील तर सामान तुम्हालाच पट्ट्यावरून घ्यायचंय, पुन्हा चेक-इन करायचंय आणि काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. देशांतर्गतसाठी दोन उड्डाणांमध्ये पाच तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका, जून ते सप्टेंबर सहा. परदेशातून येत असाल तर इमिग्रेशन-कस्टमचे दोन तास आणखी. एवढं अंतर मिळत नसेल तर ते स्वस्त तिकीट सोडून द्या.