ताऱ्याची गाडी

रविवारी दुपारी जुन्या बाजारात गेलो होतो ते नळाच्या चावीसाठी. न्हाणीघरातला पितळी नळ गळतोय. प्लंबर म्हणतो, नवीन बसवा, दहा मिनिटांचं काम आहे. पण तो नळ माझ्या आईच्या हातचा आहे, म्हणजे तिच्या हाताने इतकी वर्षं उघडला-मिटलेला आहे, आणि नव्या नळांना वजन म्हणून नसतंच. तेव्हा म्हटलं, मंगळवार पेठेत मिळेल.

जुन्या बाजारात ताडपत्रीवर काय मांडलेलं असतं हे पुणेकरांना सांगायला नको. बिनकिल्लीची कुलपं, बिनकुलपाच्या किल्ल्या, एकेक चप्पल, मिक्सरची भांडी. अशाच एका ढिगात, पान्यांच्या खाली, मला तो तारा दिसला. गोल कडं आणि आत तीन पाती. वाटीहून मोठा, ताटलीहून लहान. एका पात्याचं टोक उडालेलं आणि क्रोम सगळं सालपटं निघाल्यासारखं.

"काय आहे हो हे?" मी उगाच विचारलं.

"मर्सिडीज आहे, साहेब. ओरिजनल."

"बाकीची गाडी कुठाय?"

"गाडी घरी लावलीय," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मी तिथेच उकिडवा बसलो. गुडघे आता त्याला तयार नसतात, पण बसलो. कारण तो तारा गाडीचा नव्हता. तो ट्रकचा होता, आणि हे मला शंभर ताऱ्यांतही कळलं असतं.

आमच्याकडे, म्हणजे कोल्हापूरच्या बाजूला, मर्सिडीज हा ट्रकच होता. वडिलांचे मामेभाऊ, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, त्यांच्याकडे एक होता. पुढे गोलसर नाक काढलेला, नाकाच्या जाळीवर हा तारा, आणि नाव 'टाटा मर्सिडीज-बेंझ'. एवढं लांब नाव कोण घेणार? सगळे 'ताऱ्याची गाडी' म्हणायचे. टाटांच्या टेल्को कंपनीने 1954 साली जर्मनीच्या डायमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला हे ट्रक बनायला लागले. 1969 ला करार संपला, नव्या ट्रकांच्या नाकावरून तारा गेला आणि त्या जागी गोलातला 'टी' आला. मला कळायला लागलं तेव्हा रस्त्यावर दोन्ही धावत होते. शाळेच्या कट्ट्यावर बसून आम्ही तारे आणि टी मोजायचो. मी कायम ताऱ्यांच्या बाजूने. टी जिंकायला लागले तसा मी खेळ बंद करायला लावला.

नानांचा ट्रक गूळ भरून मुंबईला जायचा. संध्याकाळी हमाल रवे चढवत, ताडपत्री ओढली जाई, फाळका लागे, आणि क्लीनर चाकांखालचे दगड काढी. नाना आधी ताऱ्याला हात लावून तो कपाळाला लावत, मग केबिनमध्ये चढत. खंडेनवमीला कोयता, नांगर, विळी यांच्या बरोबरीने त्या ट्रकचीही पूजा व्हायची. झेंडूचा हार जाळीवर आणि काकूने ताऱ्याच्या तिन्ही पात्यांना लावलेलं हळदकुंकू. मला पुष्कळ वर्षं वाटायचं की त्या ताऱ्याला तीन पाती आहेत ती ब्रह्मा, विष्णू, महेश म्हणूनच. आमच्याकडून नरसोबाची वाडी काही लांब नाही. तीन म्हटलं की दत्तच.

मग पाचवीच्या सुट्टीत मामाकडे मुंबईला गेलो. संध्याकाळी मरीन ड्राइव्हला कठड्यावर बसलो होतो, आणि समोर एक लांबलचक राखाडी गाडी येऊन थांबली. तिच्या बॉनेटच्या टोकावर, अगदी नाजूक, उभा केलेला आमचा तारा! मी मामाचा हात ओढला. "मामा, ते बघ! कुणीतरी ट्रकचा तारा चोरून गाडीला लावलाय!"

मामा इतका हसला की शेजारची माणसं वळून बघायला लागली. पुढे प्रत्येक लग्नकार्यात त्याने हा किस्सा सांगितला. माझ्या मुंजीत, माझ्या लग्नात, माझ्या मुलीच्या बारशात. पण खरं सांगू? मी मनातून ते मत अजून बदललेलं नाही.

आठवीत भूमितीत कर्कटक हातात आलं तेव्हा मी पहिल्यांदा तो तारा बरोबर काढला. वर्तुळ काढायचं, तेवढीच त्रिज्या धरून परिघावर खुणा करत जायचं, बरोबर सहा होतात. एक सोडून एक खूण केंद्राला जोडली की झाला तारा. वहीचं शेवटचं पान भरलं. सरांनी वही उचलून विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "ट्रक, सर." पुढचं सांगत नाही. कान अजून आहे.

हा तारा डायमलर कंपनीने 1909 मध्ये नोंदवला. त्यामागे ती कंपनी काढणाऱ्या गोटलीप डायमलरचं एक चित्र सांगतात. कोलोनजवळच्या डॉइट्झ गावी तो नोकरीला होता तेव्हा एका चित्रातल्या आपल्या घरावर त्याने चांदणी काढून बायकोला पाठवली होती. ती आठवण पुढे मुलांनी काढली. तीन पाती म्हणजे जमीन, पाणी आणि हवा, तिन्हीकडे आमचं इंजिन चालेल. तिन्ही लोक. म्हणजे दत्त म्हणणारा मी फार चुकलो नव्हतो.

पण मला डायमलरपेक्षा बेंझ आवडतो, आणि बेंझपेक्षा त्याची बायको. कार्ल बेंझने 29 जानेवारी 1886 ला आपल्या मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याचा क्रमांक 37435. गाडी कशी, तर तीन चाकं, इंजिन मागे, एकच सिलिंडर, ताकद एका घोड्याहूनही कमी. पुढे एक, मागे दोन. पुणेकरांनो, ही रिक्षा आहे! जगातली पहिली मोटार ही रिक्षा होती, आणि आपण उगाच रिक्षावाल्यांना बोल लावत बसतो.

तर हा बेंझ चिकित्सक माणूस. अजून हे नीट नाही, अजून ते नीट नाही, असं म्हणून कारखान्यात घासत बसणारा. गाडी विकत कोण घेईना. त्याची बायको बेर्टा बघत होती. लग्नाआधीच तिने आपल्या हुंड्यातले पैसे काढून घेऊन कार्लच्या भागीदाराचा हिस्सा सोडवला होता, म्हणजे त्या कारखान्यात तिचं स्त्रीधन अडकलेलं होतं. 1888 च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे तिने ऑयगेन आणि रिशार्ड या दोन पोरांना उठवलं, नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली आणि निघाली. कुठे? माहेरी! मानहाइमहून प्फोर्झहाइमला, आईकडे. रस्ता शंभर किलोमीटरच्या थोडा वर. त्याआधी एवढ्या लांब कुणी मोटार नेलीच नव्हती.

ऑगस्ट म्हणजे आपल्याकडे श्रावण. पंचमीला न्यायला भाऊ आला नाही म्हणून रुसून बसायचं सोडून बाई स्वतःच निघाली, अशी ती मला दिसते. वाटेत इंधन संपलं तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. डाग काढायला तेव्हा ते विकत असत. नळी तुंबली, तिने टोपीची पिन घालून मोकळी केली. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं मारून घेतलं. चढ आला की पोरं उतरून ढकलायची. (नानांचा क्लीनर पसरणीच्या घाटात हेच काम दगड घेऊन करायचा.) पोचल्यावर नवऱ्याला तार केली. आणि परत आल्यावर सांगितलं की चढाला गाडी दमते, त्याचं बघ. त्यावर बेंझने चढासाठी वेगळा गिअर बसवला. म्हणजे जगातली पहिली गाडीची तक्रारही माहेराहून आलेल्या बायकोने केली. हे वाचलं तेव्हा मी सौ.ला उत्साहाने सांगायला गेलो. ती म्हणाली, "आणि नळाचं काय झालं?"

तर बेंझ हा असा. मग मर्सिडीज कुठून आली? त्या नावाचा कारखाना डायमलरचा, आणि नाव एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीचं. एमील येलिनेक नावाचा एक ऑस्ट्रियन व्यापारी फ्रान्समध्ये नीसला राहायचा, श्रीमंतांना डायमलरच्या गाड्या विकायचा आणि शर्यतीत मुलीच्या नावाने उतरायचा. 1900 मध्ये त्याने एकदम 36 गाड्यांची मागणी नोंदवली; गाडी नवी हवी आणि तिला मुलीचं नाव हवं. विल्हेल्म मायबाखने ती गाडी तयार केली आणि 1901 च्या मार्चमध्ये नीसच्या शर्यतींत ती सगळ्यांना मागे टाकून गेली. डायमलर बिचारा आदल्याच वर्षी वारला होता, त्याने हे नाव गाडीवर पाहिलंच नाही. येलिनेकने तर 1903 मध्ये स्वतःच्या आडनावाला मुलीचं नाव जोडून घेतलं. बापाने मुलीचं नाव लावायचं! आमच्याकडे सातबाऱ्यावर मुलीचं नाव लावताना भावकी बसते.

मर्सिडीज हे नाव स्पॅनिश. अर्थ कृपा.

हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं आणि मी वाचता वाचता थांबलो. कारण नानांच्या ट्रकच्या मागे, फाळक्यावर, लाल-पिवळ्या अक्षरांत पेंटरने लिहिलं होतं: 'आईची कृपा'. पुढेही कृपा, मागेही कृपा, आणि मधे गुळाचे दोनशे रवे. नानांना सांगायला हवं होतं, पण नाना तोवर गेले होते.

पुढे 1926 ला डायमलर आणि बेंझ एक झाले. तारा डायमलरचा, त्याभोवतीची पानांची माळ बेंझची. मर्सिडीज नावाची ती मुलगी 1929 मध्ये व्हिएन्नाला वारली, एकोणचाळिसाव्या वर्षी. कार्ल बेंझही त्याच वर्षी गेला. बेर्टा मात्र 1944 पर्यंत होती.

1944 म्हटलं की दुसरी गोष्ट येते, आणि ती सांगायची नाही असं मी दोनदा ठरवलं होतं. हिटलर उभा राहून हात दाखवत जातो त्या उघड्या लांब गाड्या आपण सगळ्यांनी जुन्या फिल्ममध्ये पाहिल्यात. त्यांवर हाच तारा आहे. 1944 मध्ये डायमलर-बेंझकडे 63,610 माणसं कामाला होती, त्यातली जवळजवळ निम्मी तिथे आपखुशीने आलेली नव्हती. पकडून आणलेले लोक, युद्धकैदी, छळछावण्यांतले बंदी. आकडा कंपनी स्वतःच सांगते. ज्या वर्षी माहेरी निघालेली ती बाई म्हातारी होऊन गेली, त्या वर्षीचा हा आकडा. त्यातल्या कुणी तारा घासून पुसला असेल. मला त्यापुढे काही लिहिता येत नाही.

आणि दहा वर्षांत तोच तारा जमशेदपूरला, तिथून गुळाच्या ट्रकवर, त्यावर काकूच्या हातचं हळदकुंकू. लोखंडाला कुठे काय आठवतं!

आता तर या गाड्या आपल्या इथेच होतात. 1995 पासून आधी पिंपरीत टेल्कोच्या आवारात, मग 2009 पासून चाकणला. चाकण म्हणजे माझ्या पिढीला फिरंगोजी नरसाळा आणि कांदा. अजूनही त्या रस्त्याला कांद्याचे ट्रक असतात आणि त्यांच्या मागे नव्याकोऱ्या मर्सिडीज हॉर्न न वाजवता ताटकळत असतात. मागे एका ओळखीच्या बिल्डरने मला त्याच्या मर्सिडीजमधून घरी सोडलं. फार मऊ, फार शांत. तो सांगत होता, या गाड्यांची पुढची बाजू आपटली तर चुरगळावी अशीच केलेली असते, धक्का तिनं खायचा, माणसापर्यंत जाऊ द्यायचा नाही. ही युक्ती बेला बारेन्यी नावाच्या त्यांच्या इंजिनिअरची, 1951 ची. तोपर्यंत गाडी जेवढी कडक तेवढी चांगली असंच सगळे समजत. मी मान डोलवत होतो, पण मनात चाललं होतं की याचा हौदा कुठाय. रुबाब, घराणं, किंमत, सगळं मान्य. पण ज्यात दोनशे रवे बसत नाहीत ती मर्सिडीज कसली?

तारा शेवटी घेतला. त्याने चारशे सांगितले, मी शंभर म्हटलं, अडीचशेला तुटलं. टोक उडालंय म्हटल्यावर तो म्हणाला, "साहेब, अख्खा पाहिजे तर शोरूमला जा." बरोबर आहे.

घरी येऊन घासायला बसलो. चिंच लावली, मग पितांबरी. क्रोमला यातलं काही चालत नाही हे मला माहीत आहे, पण हात थांबेना. सौ. दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "ही नळाची चावी?"

चावी राहिलीच. नळाखाली बादली ठेवलीय. रात्रीत पाऊण भरते, सकाळी कुंड्यांना घालतो.