निळी टिक आणि सतरंजी

रविवार, रात्री साडेनऊ

महिन्याचा वाचनकट्टा आटोपला की ग्रुपवर आभारांची रीघ लागते. जोडलेले हात, गुलाबाची फुलं, 'अप्रतिम!'. त्यातले कितीतरी जण आलेलेच नसतात. रागावण्यात अर्थ नाही. अंगठा पाठवणं निराळं, बडोद्याच्या उन्हात दांडिया बाजारापर्यंत गाडी काढणं निराळं.

फसगत होते ती मोजण्यात. व्हॉट्सअॅपवर पोल टाकला की एकाहून जास्त उत्तरं निवडायची सोय आपोआप चालू असते. ती आधी बंद करावी, नाहीतर एकच माणूस 'येतो'वरही टिचकी मारतो नि 'बघतो'वरही. निळ्या टिकेचंही तसंच. सगळ्यांनी वाचल्याशिवाय ग्रुपात ती निळी होत नाही; एकजण फोन बंद ठेवून गावाला गेला की पाठवणारा उगाच रुसून बसतो. निरोप दाबून धरून माहिती उघडली तर कोणी वाचलं ते नावानिशी दिसतं. 'बघतो' म्हणजे 'नाही', हे मात्र कुठेच दिसत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी फोन करावेत, आवाजावरून कळतं. चहाचं दूध त्यानंतर आणावं: 1 लिटर दुधात अर्धा लिटर पाणी, आटून लहान कप 14 होतात.

पुस्तक कोणाकडे आहे, तारीख बदलली का, याला ग्रुपच बरा. परदेशी लेकीकडे गेलेल्या काकूही त्यात असतात. वाद मात्र तिथे घालू नये. लिहिलेल्या 'बरं'ला सूर नसतो, उत्तर उशिरा आलं की तोही अपमान वाटतो. समोर बसलेला माणूस 'अहो, पण...' म्हणतानाच चहाचा कप पुढे करतो.

बसायचं गोल, बारा-पंधरा जणांत. त्याहून वाढले की कोपऱ्यात वेगळी कुजबुज सुरू होते. गुडघेवाल्या आजोबांची खुर्ची भिंतीशी न लावता गोलातच घ्यावी, भिंतीपाशी ते पाहुणे होऊन बसतात. नव्या माणसाला दाराजवळ बसवू नये, निसटतो. आणि खरं बोलणं नंतर शेवउसळीच्या गाडीपाशीच निघतं, कोणाचं ऑपरेशन, कोणाची बदली. ग्रुपवर त्यातलं अक्षर येत नाही.

याच शहरात सयाजीरावांनी 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला आणलं. पुढे लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेडोपाडी फिरू लागली. पेटी पोहोचणं हे आपल्या फॉरवर्डसारखंच. ती उघडून चार जणांना वाचून दाखवणारा गावातच लागायचा.

सतरंजीची घडी एकट्याला नीट जमत नाही, मधोमध झोळ येतो. न सांगता जो दुसरं टोक धरतो, त्यालाच ग्रुपचा अॅडमिन करावं.